अभंगाच्या मिक्समध्ये पखवाज दबतो, गाणं गाडीत ऐकू येत नाही: कंप्रेसर, लिमिटर आणि त्याआधी मॉनिटरचं बटण

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरच्या खोलीत अभंग रेकॉर्ड केलाय. गायक, पेटी, पखवाज, टाळ आणि मागे म्हणणारे चौघे. हेडफोनवर मिक्स (सगळे ट्रॅक तोलून एकत्र केलेलं गाणं) भरदार वाटतो. गाडीत लावला की ध्रुवपद ऐकूच येत नाही, मोबाईलवर पखवाज नाहीसा होतो, आणि आवाज वाढवायला मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनेलवर) लिमिटर लावला की टाळेच्या प्रत्येक ठोक्याला अख्खं गाणं दचकून खाली बसतं. शेवटचा गजर तर अगदीच मेल्यासारखा वाटतो. कंप्रेसर आणि लिमिटरची नेमकी सेटिंग सांगा.

सेटिंग सांगतो. कंप्रेसर म्हणजे ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्ड) वर गेलेला आवाज ठरावीक प्रमाणात (रेशो) दाबणारं साधन; लिमिटर म्हणजे आवाजाला ठरवलेल्या छताच्या वर जाऊच न देणारं; सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या अशा साधनांना प्लगइन म्हणतात. पण तुम्ही थ्रेशोल्ड लिहिलात, रेशो लिहिलात, प्लगइनची नावं लिहिलीत. एक आकडा मात्र कुठेच नाही. मिक्स करताना स्पीकरचा आवाज किती ठेवता, आणि काल होता तेवढाच आज असतो का? माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मिक्सपैकी बरेचसे इथेच बिघडलेले असतात. कंप्रेसर चुकतो तो नंतर.

माझंच सांगतो. सुरुवातीच्या काळात एका भजनी मंडळाच्या सीडीचं काम होतं. रात्री दहाला बसलो, पहाटे चारला उठलो. दर तासाला कान थकायचे, आवाज कमी वाटायचा, मॉनिटरचं, म्हणजे मिक्स ऐकायच्या स्पीकरचं, बटण जरा पुढे जायचं. एवढ्या मोठ्या आवाजात पखवाज काय घुमत होता! म्हणून तो फेडरने (ट्रॅकच्या आवाजाच्या सरकपट्टीने) खाली घेत गेलो, उरलेला कंप्रेसरने दाबला. सकाळी बुवा आले. साध्या, बोलण्याच्या आवाजात ऐकवलं. बुवा शेवटपर्यंत शांत होते, मग म्हणाले, “गाणं छान झालंय हो, पण त्या दिवशी वाजवायला कुणी आलं नव्हतं का?” पखवाजवादक शेजारीच बसले होते.

याचं कारण जुनंच आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मोजून दाखवलं होतं की आवाज लहान असला की कानाला खालचे स्वर खूपच कमी ऐकू येतात, मोठा असला की ते भरून येतात. म्हणजे मोठ्या आवाजात केलेला मिक्स हळू ऐकला की तळ निसटतो. रात्रभर तुम्ही बटण फिरवत राहिलात तर दर तासाला वेगळंच गाणं मिक्स करत असता.

म्हणून पहिलं काम: एक पातळी ठरवा आणि बटणावर खूण करा. मायनस २० डीबी आरएमएसचा (सरासरी पातळीचा; सॉफ्टवेअरमध्ये शून्य ही कमाल, म्हणून आकडे मायनसमध्ये) पिंक नॉइज, म्हणजे तपासणीसाठीचा एकसारखा सूं आवाज, सॉफ्टवेअरमधून वाजवा, एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवा, बसायच्या जागी कानाच्या उंचीवर आवाज मोजायचा मीटर धरा, सी वेटिंग आणि स्लो हे त्यावरचे पर्याय लावून. अमेरिकेतल्या टीव्ही प्रसारणासाठीच्या ए/८५ या मार्गदर्शिकेत १५०० घनफुटांहून लहान खोलीला ७६ डीबी दिलेत. सिनेमाच्या मोठ्या दालनाला ८५ असतात. तुमची १० बाय १२ची खोली, १० फूट उंची धरली तर १२०० घनफूट होते. मी स्वतः अशा खोलीत ७४ ठेवतो, शेजारीही सुखी राहतात. फोनमधलं मोजायचं अ‍ॅप दोन-तीन डीबी इकडेतिकडे दाखवेल, चालेल. बटणावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा. रोज तिथेच यायचं, हे महत्त्वाचं.

आणि आवाज कमी-जास्त करायचा तो इंटरफेसच्या (माईक आणि स्पीकर संगणकाला जोडणाऱ्या डब्याच्या) मॉनिटर बटणाने, मास्टर फेडरने नाही. तुम्ही नेमकं हेच करत असाल असा मला दाट संशय आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मास्टरवरचे प्लगइन फेडरच्या आधी येतात, काहींमध्ये नंतर. आधी असतील तर फेडर खाली ओढल्यावर लिमिटर तेवढाच चावत राहतो आणि तुम्हाला वाटतं गाणं मोकळं झालं. नंतर असतील तर फेडरच्या प्रत्येक हालचालीनिशी लिमिटरचं काम बदलतं. दोन्हीकडे फसगतच. मास्टर फेडर शून्यावर ठेवा आणि विसरून जा.

मॉनिटरच्या पट्टीवर आणखी दोन-तीन बटणं असतात, लोक त्यांना शोभेची समजतात. डिम दाबलं की आवाज ठरावीक डीबीने, साधारण २०ने, उतरतो. फोन घ्यायला म्हणून ते दिलेलं असलं तरी मी त्याचा उपयोग तोल बघायला करतो. डिममध्ये शब्द कळले पाहिजेत आणि पखवाजाची थाप जाणवली पाहिजे. दोन्ही असेल तर मिक्स बहुतेक कुठेही उभा राहतो. मोनोचं बटण दाबून अर्धा तास तरी काम करा, कारण मोबाईल आणि लहान ब्लूटूथ स्पीकरवर डावं-उजवं जवळजवळ एकच होतं. टाळांना तुम्ही रुंद करणारा प्लगइन लावलाय ना? मोनोत ते अर्धे गायब होतील, बघा. पखवाजाला दोन्ही तोंडांशी माईक असतील तर मोनोतच एका ट्रॅकची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवून पाहा. ज्या स्थितीत तळ भरतो ती ठेवा. मोबाईलवर पखवाज नाहीसा होण्याचं अर्धं कारण इथे सापडण्याची शक्यता मोठी आहे.

हेडफोनबद्दल एकच. त्यात पंख्याची घरघर, पेटीच्या भात्याचा श्वास, गायकाचं ओठ उघडणं, सगळं ऐकू येतं. त्यामुळे हळू म्हटलेलं ध्रुवपदही पुरेसं वाटतं. गाडीत इंजिन आणि रस्त्याचा आवाज हा सगळा खालचा थर गिळून टाकतो. तुमचं ध्रुवपद गाडीत हरवतं ते म्हणूनच. रिव्हर्ब (आवाजामागचा घुमारा) आणि बारीक कटकटी हेडफोनवर तपासा. आवाजांचा आपसातला तोल स्पीकरवर, हळू, आणि एकदा खोलीचं दार उघडं ठेवून बाहेर पॅसेजमध्ये उभं राहून. दाराबाहेरून गायकाचे शब्द लागत नसतील तर ते गाडीतही लागणार नाहीत.

आता कंप्रेसर.

गायकाचा ट्रॅक घ्या. ध्रुवपद मध्य सप्तकात, शांत. चरणात तार षड्जाला गेला की आवाज एकदम वर, सहज १२ डीबीचा फरक. हा सगळा फरक एका कंप्रेसरच्या गळ्यात घालू नका. आधी हाताने काम करा: वेव्हफॉर्म बघून ध्रुवपदाचे तुकडे तीन डीबी वर, तार स्वराचे तुकडे तीन डीबी खाली. कंटाळवाणं आहे, वीस मिनिटं जातात. पण आता उरला सहा डीबीचा फरक, आणि तो कंप्रेसर आनंदाने सांभाळेल.

हिशेब एकदा मनाशी करून बघा, म्हणजे रेशो हा शब्द अंगवळणी पडतो. थ्रेशोल्ड मायनस २०, आवाज आला मायनस ११पर्यंत. म्हणजे नऊ डीबी वर. रेशो ३:१, तर नवाचे तीन होतील, बाहेर येईल मायनस १७. सहा डीबी कापले गेले. अभंगाच्या आवाजाला एका जागी सहा म्हणजे जास्तच. मी रेशो ३:१ ठेवतो आणि थ्रेशोल्ड अशा जागी आणतो की ध्रुवपदाला कपात दाखवणारी सुई जेमतेम हलावी आणि चरणाच्या जोरदार जागी तीन-चार डीबी कापले जावेत. मग त्याच्यामागे दुसरा, सावकाश चालणारा ऑप्टिकल जातीचा कंप्रेसर, एक-दोन डीबीपुरता. एलए-२ए या अशाच जुन्या कंप्रेसरची नक्कल करणारे प्लगइन जवळपास सगळ्यांकडे असतात. दोनच बटणं, बिघडवायला फारशी जागा नाही.

अटॅक, म्हणजे आवाज थ्रेशोल्डच्या वर गेल्यावर कंप्रेसर दाबायला किती वेळ घेतो ते, हा मराठी गाण्यात फार नाजूक मामला. ‘विठ्ठल’ म्हणून बघा. त्या शब्दाचा सगळा जोर ‘ठ्ठ’वर आहे: जीभ अडते, हवा साठते आणि फुटते. अटॅक एक मिलिसेकंदावर ठेवलात तर कंप्रेसर तो स्फोटच झेलून दाबतो, आणि ऐकणाऱ्याला आळसावलेलं, गुळगुळीत काहीतरी मिळतं. १५-२० मिलिसेकंद द्या. ‘ठ्ठ’ सुटून जाईल, मागचा लांबवलेला स्वर सांभाळला जाईल.

रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज सोडायला लागणारा वेळ, फार झटपट ठेवला की दोन ओळींमधला श्वास स्वराएवढा मोठा होतो, सोबत माईकमध्ये शिरलेली पेटीही. आणखी एक खोड आहे. खर्जातला ११० हर्ट्झचा स्वर घ्या. त्याची एक लाट जेमतेम नऊ मिलिसेकंदांची. अटॅक आणि रिलीज दोन्ही दहाच्या आसपास गेले तर कंप्रेसर गाण्याऐवजी प्रत्येक लाटेच्या मागे धावू लागतो आणि आवाजात घरघर येते. लोक मग माईक बदलतात. रिलीज १२० ते २०० मिलिसेकंदांच्या दरम्यान फिरवून ऐका.

कंप्रेसरनंतर श आणि स टोचायला लागतील, कारण बाकी सगळं खाली आलं आणि ते तिथेच राहिले. डी-एसर (फक्त श-स दाबणारा कंप्रेसर) साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झमध्ये लागतो. आपल्याकडे त्यात च आणि ज यांचीही भर पडते. ‘चंद्र’मधला च निमूट जातो; ‘चांगला’, ‘चोखा’ यांतला दंत्य च माईकवर फुत्कारासारखा येतो. इंग्रजी गाण्यासाठी बनवलेल्या प्रीसेटवर (तयार सेटिंगवर) विसंबू नका, हे शब्द आले की सुई हलते का ते डोळ्यांनी बघा.

हे सगळं सोलो (बाकीचे ट्रॅक बंद करून एकच ऐकवणारं बटण) दाबून करू नका. सोलोत कंप्रेसर कधीच पुरेसा वाटत नाही, माणूस दाबतच जातो. सोलो खोकला शोधायला वापरा.

आणि मेकअप गेन, म्हणजे दाबून कमी झालेला आवाज परत वाढवायचं बटण! दहातले नऊ वाद इथे मिटतात. कंप्रेसर लावला, मेकअपने आवाज दोन डीबी वाढला, आणि ‘वा, काय उठाव आला’. उठाव त्या दोन डीबींचा आहे. प्लगइन चालू-बंद करताना दोन्ही वेळा आवाज सारखा लागेल असा मेकअप लावा, डोळे मिटा, बटण चार-पाचदा दाबा, म्हणजे सध्या चालू आहे की बंद हे तुमचं तुम्हालाच कळेनासं होईल. मग ऐका. फरक कळत नसेल किंवा बंद असताना बरं वाटत असेल तर प्लगइन काढून टाका. माझ्या मिक्समध्ये पेटीवर बहुतेक वेळा कंप्रेसर नसतो, तो असाच निघून गेलेला असतो. मागे म्हणणाऱ्या चौघांना एका बसवर (अनेक ट्रॅक एकत्र जातात त्या वाटेवर) घेऊन दोन डीबी कपात. त्यांच्यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

पखवाजाकडे मात्र वेळ द्या. डाव्या तोंडाला कणीक लावलेली, त्याचा घुमारा लांब आणि जाड. उजवीकडच्या शाईचा नाद टणक आणि छोटा. एकाच कंप्रेसरमधून दोन्ही काढलेत तर डाव्या हाताच्या प्रत्येक ठोक्याला उजवा हात दबेल. म्हणून साइडचेनमध्ये (कंप्रेसर स्वतः ज्याकडे ऐकून दाबतो त्या वाटेत) हाय-पास, म्हणजे खालचे स्वर गाळणारा, फिल्टर असलेला कंप्रेसर घ्या आणि तो १०० ते १५० हर्ट्झवर आणा, म्हणजे निव्वळ घुमाऱ्यामुळे सुई हलणार नाही. अटॅक २५-३० मिलिसेकंद, थाप सुटली पाहिजे. रेशो ३:१ किंवा ४:१, कपात तीन-चार डीबी.

रिलीज लयीला बांधा. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रा असतील तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. पुढची मात्रा यायच्या आत सुई शून्यावर परतली पाहिजे, म्हणजे ३०० ते ४००. आता तुमच्या गजराचं कोडं. शेवटी लय दुपटीला गेली, मात्रा २५० मिलिसेकंदांची झाली, आणि रिलीज तोच ४००. सुईला परतायला वेळच मिळत नाही, पखवाज सतत दाबलेला राहतो. वादक जीव तोडून वाजवतोय आणि ऐकणाऱ्याला वाटतं तो थकला. गजराचा भाग वेगळ्या ट्रॅकवर घ्या, तिथे रिलीज १२०-१५० करा, थ्रेशोल्ड दोन डीबी वर. एवढ्याने गजर उभा राहील.

मोबाईलसाठी एक उपाय. मोबाईलचा स्पीकर ८० हर्ट्झ वाजवतच नाही, कितीही वाढवा. त्याला ऐकू येईल असं काहीतरी वरच्या भागात निर्माण करावं लागतं. पखवाजाची प्रत एका वेगळ्या बसवर पाठवा, तिथे १० डीबीपर्यंत बेदम दाबा, वर थोडं सॅच्युरेशन (आवाज हलकासा फाडणारं साधन) घाला म्हणजे २०० ते ८०० हर्ट्झमध्ये उपस्वर उभे राहतील, आणि ती प्रत मूळ पखवाजाखाली अगदी हळू मिसळा. ऐकू यायला लागली की दोन डीबी मागे. मूळची थाप शाबूत, अंग भरलेलं.

आता तुमचा दचकणारा लिमिटर. लिमिटर म्हणजे रेशो फार मोठा असलेला कंप्रेसरच, फक्त तो काही मिलिसेकंद पुढचं बघून ठेवतो आणि ठरवलेल्या छताच्या वर काहीही जाऊ देत नाही. टाळेचा ठोका फार छोटा पण टोकदार. कानाला तो मोठा वाटत नाही, पण त्याचं टोक सगळ्यात आधी छताला लागतं. मग लिमिटर बिचारा गायक, पेटी, पखवाज सगळ्यांना सोबत खाली ओढतो, कारण त्याला वेगळं काही दिसतच नाही. मास्टरवर कुठलंही सेटिंग लावून हे सुटणार नाही. इलाज टाळेच्या ट्रॅकवर करायचा.

तिथे सौम्य क्लिपर लावा, टोकाचे दोन-तीन डीबी काढा. इतक्या छोट्या आवाजात ते कळतही नाही. किंवा ११७६च्या जातीचा झटपट कंप्रेसर. त्याचा अटॅक २०पासून ८०० मायक्रोसेकंदांपर्यंत असतो, म्हणजे सगळ्यात सावकाश असतानाही तो एका मिलिसेकंदाच्या आत आहे. आणि त्याची अटॅक-रिलीजची बटणं उलटी असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की वेग वाढतो. नव्या माणसाची पहिली चूक हमखास तिथे होते. पुढच्या वेळी टाळकऱ्यांना माईकपासून चार पावलं मागे उभं करा, हा खरा स्वस्त उपाय.

टाळेचा आणखी एक चकवा आहे, तो मीटरवरचा. एलयूएफएस (गाणं एकूण किती मोठं लागतं याचं माप) मोजताना कानासारखं वजन देतात: साधारण दोन हजार हर्ट्झच्या वरचा भाग चारेक डीबी वाढवून धरतात, अगदी खालचा कमी करतात. त्यामुळे टाळ चढे असतील तर मीटर गाणं मोठं असल्याचं सांगतो, आणि पखवाज भक्कम असला तरी त्याला फार मोल देत नाही. दोन अभंगांचा आकडा सारखा आला म्हणून ते सारखे ऐकू येतील असं समजू नका.

टाळ सरळ झाले की मास्टरवर लिमिटर. छत मायनस १, ट्रू पीक (लाटेची खरी टोकं धरणारा पर्याय) चालू. मायनस १ यासाठी की एमपी३ किंवा एएसी करताना लाटेचा आकार थोडा बदलतो आणि टोकं मूळ फाईलपेक्षा वर जातात. शून्यावर ठेवलंत तर ती फाटतात. कपात किती? गजराच्या सगळ्यात जोरदार जागी दोन, फार तर तीन डीबी. ध्रुवपदाला सुई हलताच कामा नये.

‘पण मग आवाज कमी राहील’ ही धास्ती सोडा. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाण्याचा आवाज मायनस १४ एलयूएफएसच्या आसपास आणतं, ॲपलचा साउंड चेक मायनस १६कडे. तुम्ही पिळून मायनस ८चा मास्टर दिलात तर स्पॉटिफाय तो सहा डीबी खाली करणार. मोठेपणा गेला, चेपलेला पखवाज तेवढा उरला. मुळात मायनस १४-१५ला असलेला मोकळा मास्टर त्याच्या शेजारी जास्त जिवंत वाजेल. अभंगाला मी आकडा ठरवून बसत नाही. गजर मायनस ११-१२ आणि एकूण गाणं मायनस १५ असं झालं तरी मला चालतं. सगळे अभंग अल्बम म्हणून वाजवले तर स्पॉटिफाय त्यांच्यातला आपसातला फरक तसाच ठेवतं, तेव्हा शांत अभंग शांतच राहू द्या.

कानांचंही सांगून टाकतो. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामाच्या जागच्या आरोग्याच्या संस्थेची शिफारस ८५ डीबीएला आठ तास अशी आहे, पुढे दर तीन डीबीला वेळ निम्मा. म्हणजे ९१ला दोनच तास. माझ्या त्या रात्रीचा हिशेब तुम्हीच करा.

मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर मास्टरवरचा लिमिटर काढून, टोकं मायनस ६च्या आसपास ठेवून २४ बिटची वेव्ह फाईल द्या, ज्या सॅम्पल रेटला रेकॉर्डिंग केलं त्याच रेटला. सोबत लिमिटर लावलेली तुमची प्रतही वेगळ्या नावाने पाठवा. तुम्ही आठवडाभर काय ऐकत होतात ते त्यांना त्यावरून कळेल, आणि पखवाज कुठवर आणायचा हे फोनवर समजावत बसावं लागणार नाही.